कुरण न नांगरता द्विदल वैरण



माळावरच्या कुरणात स्टायलोसारखा द्विदल चारा पेरायचा विषय आपल्या कार्यक्रमात झाला, की पुढं तक्रार ठरलेली असते. "बी फेकलं, मृगात उगवलं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण आषाढ सरता सरता बघितलं तर एक रोप दिसेना. बी खोटं होतं का?"

बी खोटं नव्हतं. रोप गवतानं मारलं. या पत्रकात सगळा भर त्या आषाढावरच द्यायचा आहे, कारण न नांगरता कुरण सुधारण्याचं काम तिथंच तरतं किंवा बुडतं.

आधी एक प्रश्न. आपल्या माळावर गवत आहेच, मग हा नवा उपद्व्याप कशाला?

दिवाळीनंतर माळावर उभं असलेलं गवत बघा. कुसळी, पवन्या, डोंगरी, कुठं कुठं मारवेल. पिवळं, कमरेएवढं, वाऱ्यावर डोलणारं. बघणाऱ्याला वाटतं, वैरणीची काय कमी आहे! पण माघ-फाल्गुनात त्याच गवतावर पोसलेल्या जनावराच्या फासळ्या मोजता येतात. पोट तट्ट आणि अंग खंगलेलं. असं का होतं? जनावर स्वतः गवत पचवत नाही. त्याच्या कोठ्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, ते गवत पचवतात. त्या जीवांना जगायला नत्र लागतं, म्हणजे वैरणीत प्रथिन लागतं. वैरणीच्या शेकडा सात भागांच्या आसपास प्रथिन असलं तर त्यांचं काम नीट चालतं. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात तेवढं असतं. तेच गवत वाळून काडी झालं की शेकडा तीन-चारावर येतं. मग कोठ्यातले जीव उपाशी, गवत कोठ्यात पडून राहतं, जनावराला पुढचा घास घ्यावासा वाटत नाही.

आता हिशेब करू. तीनशे किलोचा बैल दिवसाला सहा किलो वाळली वैरण खातो असं धरा. सगळं कुसळीचं गवत असेल तर शेकडा साडेतीननं त्याला २१० ग्रॅम प्रथिन मिळतं. त्यातलं दोन किलो काढून दोन किलो वाळलेलं स्टायलो घातलं, आणि त्यात शेकडा बारा प्रथिन धरलं, तर १४० आणि २४० मिळून ३८० ग्रॅम होतं. वैरण तेवढीच, सहा किलो. प्रथिन पावणेदोन पटीच्या वर. पेंडीचं पोतं विकत न आणता हे होतं. म्हणून कुरणात तिसरा हिस्सा द्विदल असावं एवढंच आपलं म्हणणं आहे. सगळं कुरण द्विदलाचं करायचं नाही.

शिवाय द्विदलाच्या मुळांवर गाठी असतात. त्या हवेतलं नत्र धरतात. पानं गळली, मुळं कुजली, की ते नत्र शेजारच्या गवताला मिळतं. तूर-हरभऱ्यानंतर ज्वारी चांगली येते हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. माळावरही तोच व्यवहार चालतो.

नांगर का नको

"एकदा नांगरून टाकू आणि नीट पेरू," असं पुष्कळांना वाटतं. सपाट, खोल जमिनीत ते चालेलही. पण आपण बोलतोय त्या माळाची माती वीतभर, खाली मुरूम, आणि उतार. ती माती धरून ठेवलीय गवताच्या मुळांनी. नांगर फिरवला आणि मृगाचा एक जोरदार पाऊस आला की वीतभरातली चार बोटं माती ओढ्याला गेली म्हणून समजा. ती परत यायला आपल्या नातवंडांचंही आयुष्य पुरायचं नाही. उरलेल्या जागेत तरोटा आणि काँग्रेस गवत आधी येतं. बैलांचा, ट्रॅक्टरचा खर्च वेगळाच. म्हणून गवत जागेवर ठेवायचं, आणि त्याच्यातच द्विदलाला जागा करून द्यायची.

जाळून रान मोकळं करायची जुनी सवय आहे. तीही नको. आग लागली की पालापाचोळा जातो, माती उघडी पडते, आणि गंमत अशी की कुसळी आगीला पुरून उरते. तिचं टोकदार बी स्वतःला मातीत फिरवत खुपसून घेतं, त्यामुळं वरची आग त्याला फारशी लागत नाही. बाकीची चांगली गवतं मात्र हळूहळू मागं हटतात. वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर कुसळीच जास्त का दिसते, त्याचं एक कारण हे आहे.

कोणतं बी घ्यावं

मुरमाड, हलक्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीला स्टायलो. हे मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं झुडूप. त्यातले दोन प्रकार आपल्याला उपयोगी आहेत. एक हमाटा. हा बुटका, गुडघ्याएवढा, लवकर फुलतो, बी भरपूर टाकतो, दोन-तीन वर्षं जगतो आणि पुढं स्वतःच्या बियांवर चालू राहतो. दुसरा स्कॅब्रा. हा उंच, काटक, लाकडी बुंध्याचा, खोल मुळांचा, उन्हाळ्यात जास्त टिकणारा, पण पहिल्या वर्षी फार सावकाश वाढणारा. दोन्ही मिसळून पेरावेत. एकाच जातीवर सगळा माळ सोपवू नये. ऑस्ट्रेलियात स्टायलोचीच एक जात, टाउन्सव्हिल स्टायलो, फार मोठ्या मुलखावर पसरलेली होती. १९७० नंतरच्या दशकात तिच्यावर करपा पडला आणि ती कुरणंच्या कुरणं बसली. तो धडा आपण फुकटात घेतलेला बरा.

काळ्या, चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत हे दोन्ही स्टायलो रडतात. तिथं गोकर्ण पेरावी. गुरं ती आवडीनं खातात, इतक्या आवडीनं की राखण कमी पडली तर मुळासकट संपवतात.

आणखी एक. माळावर आपोआप उगवणारी द्विदल असतात, रानमूग, शेवरा वगैरे. तुमच्या कुरणात ती जागोजाग दिसत असतील तर नवं बी आणायच्या आधी एक वर्ष नुसती राखण करून पाहावी. कित्येकदा तेवढ्यावरच माळ सुधारतो. अभयारण्यात किंवा माळढोक-काळविटांसाठी राखलेल्या गवताळ रानात मात्र बाहेरचं बी कोणी नेऊन फेकू नये. तिथलं जुनं गवत हीच तिथली दौलत आहे.

बियाण्यासाठी कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी. राहुरीला चारा पिकांवर काम चालतं. उरुळीकांचनची बायफ आणि झाशीची भारतीय गवत व चारा अनुसंधान संस्था ही दोन ठिकाणं चारा पिकांच्या कामासाठी माहितीची आहेत. बाजारातलं बी घेतलं तर मूठभर आधी ओल्या गोणपाटात उगवून पाहावं.

बियाची तयारी

स्टायलोच्या बियाचं साल टणक असतं. तसंच फेकलं तर पहिल्या पावसात थोडंच उगवतं, बाकीचं मातीत झोपून राहतं. ते जागं करायला गरम पाणी लागतं, साधारण ८० अंशांचं. घरात तापमापक नसतो म्हणून ही रीत: तीन तांबे खळखळ उकळतं पाणी आणि एक तांबा माठातलं नव्हे, साधं पाणी, एकत्र करावं. बी फडक्याच्या सैल पुरचुंडीत बांधून त्यात चार मिनिटं बुडवावं, जास्त नाही. बाहेर काढून लगेच गार पाण्यात धरावं आणि सावलीत पसरून पार कोरडं करावं. उन्हात वाळवू नये. चार तांबे पाण्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त बी घेऊ नये, नाहीतर पाणी लगेच निवतं.

आता नीट ऐका. हे सगळ्या बियाला करायचं नाही. निम्म्याला करावं, निम्मं तसंच ठेवावं. मृगाचा पाऊस दगा देतो हे आपण जाणतो. एक सर येते, बी उगवतं आणि पुढं पंधरा दिवस आभाळ कोरडं. त्यात गरम पाण्याचं बी गेलं तरी झोपलेलं निम्मं मातीत शिल्लक राहतं. ते पुढच्या पावसाला, काही तर पुढच्या वर्षाला उगवतं. टणक साल ही बियाची खोड आहे असं आपण म्हणतो. कोरडवाहू माणसाला ती शिल्लकही आहे.

एकरी दोन किलो बी पुरे, म्हणजे गुंठ्याला ५० ग्रॅम. एवढं थोडं बी हातानं सारखं फेकता येत नाही, म्हणून त्याच्या आठ-दहा पट चाळलेली कोरडी माती मिसळावी. जिवाणू संवर्धन मिळालं तर चवळीच्या गटाचं घेऊन गुळाच्या पाण्यातून बियाला चोळावं. नाही मिळालं तरी अडून बसू नये. चवळीच्या गटाचे जिवाणू आपल्या बहुतेक रानांत असतात आणि स्टायलोला ते चालतात.

खताचं म्हणाल तर द्विदलाला स्फुरद लागतं. एकरी ५० किलोचं एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीच्या वेळी विस्कटून द्यावं. संवर्धन लावलेल्या बियात ते मिसळू नये, जिवाणू मरतात. आणि युरिया, तो या कुरणात पहिल्या वर्षी अजिबात नको. हे मी अनुभवानं सांगतो. पहिल्यांदा हे काम मी भावाच्या पडीक माळावर केलं, तेव्हा उत्साहाच्या भरात रोपं दिसू लागल्यावर अर्धं पोतं युरिया फेकला. गवत असं तरारून आलं की भाऊ खूश. श्रावणात मी गवत बाजूला सारून पाहिलं. खाली पांढऱ्या, सुतासारख्या काड्या, पानं झडलेली. नत्र गवतानं खाल्लं आणि सावली रोपांवर टाकली. भाऊ अजून विचारतो, तुमचं ते परदेशी झाड कुठं आहे म्हणून.

मृग ते मार्गशीर्ष: कामाचा क्रम

वैशाखात, बी टाकायच्या आधी, त्या तुकड्यावर गुरं मोकळी सोडून गवत जमिनीलगत खाऊ द्यावं. वाळकी ताटं उभी राहिली तर विळ्यानं दोन-तीन इंच ठेवून कापावीत. हेतू दोन. बी मातीला लागलं पाहिजे, गवताच्या बुडख्यात अडकून लोंबता कामा नये. आणि उगवणाऱ्या रोपाला पहिले चार आठवडे ऊन मिळालं पाहिजे. जमेल तिथं उताराला आडव्या, तीन-चार फुटांवर, कुदळीनं बोटभर खोलीच्या ओरखड्या माराव्यात. हे नांगरणं नव्हे, नुसतं खरडणं. सगळ्या रानात जमलं नाही तर निदान वरच्या अंगाला मारावं. वर झालेलं बी पुढं पाण्याबरोबर आणि गुरांबरोबर आपोआप खाली येतं.

बी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर फेकावं. जमीन चार बोटं ओली झाली आणि आभाळ भरून आहे असं दिसलं की सकाळी काम उरकावं. काही जण रोहिणीतच कोरड्यात फेकतात. त्यात मुंग्या बी ओढून नेतात. कोरड्यात फेकायचंच असेल तर बी शेणमातीच्या पातळ काल्यात लोळवून, वाळवून फेकावं.

फेकल्यावर बी झाकायचं नाही, नुसतं मातीशी दाबायचं. बोराटीची फांदी ओढली तरी चालते. पण सगळ्यात चांगलं काम मेंढ्या करतात. धनगराचा वाडा जवळपास उतरला असेल तर बी फेकल्याच्या दिवशी शे-दीडशे मेंढ्या त्या तुकड्यावरून दोन-तीनदा फिरवून घ्याव्यात. त्यांच्या खुरांनी बी नेमकं पाव इंच आत जातं. माणसाला ते इतकं सारखं साधत नाही. रात्री तिथं मेंढ्या बसवू मात्र नयेत, लेंडीखतानं गवत जोर धरतं.

आता आषाढ. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी स्टायलोचं रोप चार बोटं उंच असतं आणि गवत गुडघ्याला आलेलं असतं. आपला शेतकरी या वेळी काय करतो? "नवीन पेरलंय, गुरं घालू नका," म्हणून राखण बसवतो. मनात हेतू चांगला, पण ती राखणच रोपाला मारते. नेमकं याच वेळी गवत खाली आणलं पाहिजे.

इथं जनावराची एक सवय आपल्या कामी येते. पावसाळ्यात, गवत कोवळं असताना, गुरं गवतच आधी ओढतात, स्टायलोला फारसं तोंड लावत नाहीत. थंडीत गवत वाळलं की मग हिरव्या स्टायलोकडे वळतात. म्हणून आषाढात गुरं घातली तरी ती गवत खातात आणि बुटकी रोपं तोंडाच्या खाली राहतात. गवत वीतभर उंच राहीपर्यंत तीन-चार दिवस जास्त गुरं एकदम घालावीत आणि लगेच काढावीत. थोडी गुरं महिनाभर ठेवणं वाईट, कारण ती निवडून निवडून खातात आणि रोपं पायाखाली जातात. रान चिखलाळ असेल त्या दिवशी गुरं घालू नयेत. शेळ्या तर पहिल्या वर्षी लांबच ठेवाव्यात, त्या गवत सोडून पाला शोधतात.

गुरांचा भरवसा नसेल तर विळा घ्यावा. पाच-सहा इंचांवरून गवत कापावं, भारा घरी न्यावा. कापून तिथंच टाकू नये, खालचं रोप दडपतं. गवत पुन्हा चढलं तर पोळ्याच्या आधी आणखी एकदा हेच करावं.

पोळ्यानंतर गुरं पूर्ण बंद. आता स्टायलो स्वतः वाढतं, फुलतं, बी धरतं. कुसळी जास्त असलेल्या कुरणात पितृपक्षाच्या सुमारास, कुसळं पक्व व्हायच्या आत, वरच्या वर एक कापणी द्यावी, स्टायलोच्या शेंड्याच्या वरून. कुसळं गुरांच्या तोंडात, मेंढ्यांच्या कातड्यात रुततात ते टळतं, कुसळीचं बी कमी पडतं आणि स्टायलोला ऊन मिळतं. एका विळ्यात तीन कामं होतात.

दिवाळीनंतर बी पिकून खाली पडू लागतं. पहिल्या वर्षी ते पडू द्यावं. कापणीची घाई झाली आणि बी भाऱ्याबरोबर गंजीत गेलं, तर पुढच्या वर्षी कुरणात काय उगवणार? मार्गशीर्षात, बी गळाल्यावर, चार इंच बुडखा ठेवून कापावं किंवा गुरं हलकी चारावीत. कापलेलं स्टायलो कडक उन्हात वाळवलं की पानं झडतात आणि हातात काड्या राहतात. प्रथिन तर पानात असतं. म्हणून सकाळी दहिवर असताना गोळा करावं आणि सावलीत वाळवावं. लसूणघास ओला जास्त खाल्ला तर जनावर फुगतं, तशी भीती स्टायलोत नाही.

पहिल्या वर्षी काही दिसत नाही

हे आधीच सांगतो, कारण इथं माणसाचा धीर सुटतो. पहिल्या वर्षी कुरण लांबून बघितलं तर पूर्वीसारखंच दिसतं. लोक हसतात. तेव्हा लांबून बघू नये, वाकून बघावं. सुंभाचा एक हात लांब, एक हात रुंद चौकोन करावा. श्रावणात तो रानात दहा ठिकाणी डोळे मिटून टाकावा आणि आतली रोपं मोजावीत. सरासरी दोन-तीन जिवंत रोपं निघाली तर काम साधलं. एकही नाही अशा जागा निम्म्याहून जास्त असतील तर पुढच्या मृगात तेवढ्याच जागी पुन्हा बी टाकावं, सगळ्या रानात नको. दुसऱ्या पावसाळ्यात पडलेलं बी आणि मातीत झोपलेलं बी एकदम उगवतं, आणि मग लांबूनही दिसतं.

म्हणूनच एकदम पाच एकर करू नये. दहा गुंठे घ्यावेत: अर्धा किलो बी, पाव पोतं सुपर, आणि घरातली माणसं. दहा गुंठ्यांवरून पुढं पसरायला गुरंच मदत करतात. स्टायलोच्या शेंगा गुरांनी खाल्ल्या की त्यातलं टणक बी कोठ्यातून तसंच बाहेर पडतं आणि शेणाच्या पोटीत उगवतं. मार्गशीर्षात त्या दहा गुंठ्यांत चरलेली गुरं सकाळी उरलेल्या माळावर हिंडवावीत. पुढच्या पावसात जुन्या पोटींच्या जागी हिरवे ठिपके दिसतील. हा पेरा फुकट पडतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलटी अडचण येऊ शकते. स्टायलो निम्म्याच्या वर जातं आणि गवत विरळ होतं. ते बरं नाही. माती धरतं ते गवत. तेव्हा त्या वर्षी सुपर बंद करावं, आषाढातली चराई टाळून गवताला वाढू द्यावं आणि थंडीत स्टायलोवर गुरं जास्त घालावीत.

गायरानात करायचं असेल तर

स्वतःच्या माळाचं सोपं आहे. गावाच्या गायरानात बी फेकणं त्याहून सोपं आहे, पण पोळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत एकाही घरचं जनावर आत येणार नाही याची हमी कोण देणार? कुंपणानं ते होत नाही. ज्याच्या दावणीला दोन शेळ्या आणि घरात एक एकरही नाही, त्याची शेळी त्या चार महिन्यांत कुठं चरणार, हे आधी ठरलं पाहिजे. नाहीतर कुंपण पहिलं तिथंच तुटतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून गायरानाचा चौथा हिस्साच एका वर्षी बंद करावा, बाकी मोकळा ठेवावा. बंद तुकड्यातलं गवत आषाढात आणि पितृपक्षात कापायला पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांना द्यावा. ग्रामसभेत तसा ठराव लिहून घ्यावा. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी आधी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराई बंद केली, तेव्हा विळ्यानं गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली होती. माणसाला भारा मिळतो, म्हणून बंदी टिकते.

ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय त्यांना गुरं बाजारात मातीमोल कशी गेली ते आठवत असेल. २०१२-१३ आणि २०१८-१९ साली चारा छावण्यांत ज्यांनी महिने काढले, त्यांना तर काही सांगायलाच नको. स्टायलोनं दुष्काळ हटत नाही, पाऊसच नसला तर तेही वाळतं. पण खोल मुळांचं स्कॅब्रा गवतानंतर महिना-दीड महिना हिरवं राहतं. छावणी उघडायची वाट बघण्याच्या दिवसांत त्या महिन्याला किंमत असते.

बी घरचं ठेवायचं असेल तर दहा गुंठ्यांतला एक गुंठा वेगळा राखावा. दिवाळीनंतर झुडपं हलवली की बी गळतं. खाली गळालेलं केरसुणीनं झाडून घ्यावं, पाखडावं, माती चाळावी. थोडी राख मिसळून कोरड्या मडक्यात ठेवावं, तोंडाला फडकं बांधावं आणि मडक्यावर साल लिहावं. ताजं बी जास्त टणक असतं. वर्षभर ठेवलेलं थोडं मऊ पडतं, त्याला गरम पाणी चाराऐवजी तीन मिनिटं पुरतं.